वेस, वेसकर आणि पत्त्यांचे गट

वऱ्हाडांतील जुन्या गांवाचें चित्र डोळ्यांपुढें आणावयाचें तर आधीं वेस उभी करावी लागते. देऊळ, पार आणि बाजार वेशीच्या आंत. ओढा, रान आणि परका मनुष्य वेशीच्या बाहेर. दिवस मावळला कीं मोठें दार लागे, अडसर पडे, आणि उशिरा आलेल्यास दिंडींतून वांकून आंत यावें लागे. कोणास आंत घ्यावें हें पाहण्याचें काम वेसकराचें. त्याच्या हातांत कागद नसे. परंतु त्याच्या डोक्यांत नियमांची मोठी यादी असे, आणि ती यादी माणसांच्या नांवांची नसून माणसांच्या गटांची असे. गांवचे शेतकरी, बाजारचे व्यापारी, धान्य घेऊन येणारा लमाणांचा तांडा, सरकारी शिपाई, वाट चुकलेले वाटसरू, एवढे पांचसहा गट मनांत पक्के बसले म्हणजे हजार माणसांचा निवाडा त्यास क्षणांत करतां येई. हा वेसकर बहुधा महार समाजाचा असे. साऱ्या गांवाची वेस तो राखी, परंतु त्याचें स्वतःचें घर वेशीबाहेर असे आणि गांवच्या देवळाचें दार त्यास बंद असे. गटावरून माणूस पारखण्याच्या रीतीचा कडू भाग त्याच्याच वाट्यास आलेला होता.

आज तसाच एक वेसकर कचेरींत, पेढींत, शाळेंत व रुग्णालयांत, आंतलें जाळें बाहेरच्या जगास जेथें मिळतें तेथें, यंत्ररूपानें बसलेला आहे. इंग्रजींत त्यास फायरवॉल हें नांव मिळालें. एका घराची आग दुसऱ्या घरास लागूं नये म्हणून मध्यें जी जाड भिंत घालतात तिचें हें मूळचें नांव. नांव भिंतीचें असलें तरी काम मात्र वेशीचें आहे. भिंत कोणासच सोडीत नाहीं, वेस निवड करते. ही निवड एकेका पत्त्यावरून करावी कीं पत्त्यांच्या गटावरून, हा प्रश्न या यंत्ररूप वेसकरापुढेंहि जशाचा तसा उभा राहिला. वाशीम जिल्ह्याच्या भूमींत या प्रश्नाचीं दोन जुनीं उदाहरणें सांपडतात. तीं आधीं पाहिलीं म्हणजे यंत्राची गोष्ट समजण्यास सोपी जाते.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. तेथें १९३९ सालीं राजा दुसरा विंध्यशक्ति याचा एक ताम्रपट उजेडांत आला. तो चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांतील असून राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षीं दिलेला आहे. वंशावळीचा भाग संस्कृतांत व पुढील मजकूर प्राकृतांत आहे. अथर्ववेदी ब्राह्मणांस एक गांव दान दिल्याचा हा लेख. दान घेणाऱ्यांचीं नांवें त्यांत गोत्रांसह एकेक करून दिलीं आहेत. परंतु त्या गांवांत कोणीं शिरूं नये हें सांगतांना लेख नांवें देत नाहीं, वर्ग देतो. सैनिकांनीं तेथें प्रवेश करूं नये. मीठ खणून नेणें, फुलें व दूध घेणें, गाईबैल मागणें हे राजसेवकांचे नेहमींचे हक्क तेथें चालूं नयेत. ज्यांस द्यावयाचें त्यांची यादी नांवनिशीवार आणि ज्यांस अडवावयाचें त्यांची यादी वर्गवार, हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. दान घेणारे मोजके व ओळखीचे होते. उद्यां त्या वाटेनें कोणता शिपाई येईल हें मात्र ताम्रपट कोरणाऱ्यास कळणें शक्य नव्हतें. जें अगोदर मोजतां येत नाहीं त्याचा गट करावा लागतो.

दुसरें उदाहरण कारंज्याचें. या व्यापारी गांवाच्या वेशी दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस अशा नांवांनीं ओळखल्या जातात. ज्या दिशेस वाट जाते त्या दिशेचें नांव वेशीस, म्हणजे येणाराची पहिली वर्गवारी वाटेवरूनच होते. १६७० च्या ऑक्टोबरांत सुरत दुसऱ्यांदां लुटल्यावर आणि दिंडोरीची लढाई जिंकल्यावर मराठ्यांचें सैन्य त्याच वर्षाच्या अखेरीस बागलाण-खानदेशाच्या वाटेनें वऱ्हाडांत उतरलें, आणि कारंजें त्याच्या तडाख्यांत सांपडलें. यदुनाथ सरकारांच्या वर्णनाप्रमाणें सोनें, रुपें व उंची कापड मिळून सुमारें एक कोटीची लूट चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेण्यांत आली. गांवांतील सारे धनिक दंडासाठीं धरले गेले. एकटा सर्वांत मोठा सावकार तेवढा निसटला, आणि तो निसटला बाईच्या वेषांत.

स्त्रियांच्या अंगास हात लावावयाचा नाहीं, असा शिवाजी महाराजांचा आपल्या सैन्यास सक्त नियम होता. खाफीखानासारख्या प्रतिकूल इतिहासकारानेंहि त्याची साक्ष दिली आहे. ज्या शिपायासमोरून तो सावकार गेला त्यानें नियम मोडला नाहीं, उलट तंतोतंत पाळला. नियम उत्तम होता. ज्या गटासाठीं तो केला तो गटहि योग्य होता. उणेपणा एवढाच कीं, गटाची खूण अंगावर पांघरतां येण्याजोगी होती. शिपायानें पाहिलें तें लुगडें. लुगड्याच्या आंत कोण आहे हें पाहण्याची त्यास मनाई होती, आणि ती असावी हेंच योग्य. या प्रसंगाची आठवण पुढें पुन्हा करावी लागणार आहे.

आतां यंत्राकडे वळूं. इंटरनेटवर माहिती अखंड धारेनें वाहत नाहीं. तिचीं लहान लहान पुडकीं बांधलीं जातात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. १९८१ सालीं पक्क्या झालेल्या रीतीप्रमाणें हा पत्ता द्विमान पद्धतीच्या ३२ अंकांचा असतो आणि तो ० ते २५५ मधील चार संख्यांनीं लिहितात. असे एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. एवढे पत्ते एकेक लक्षांत ठेवणें कोणत्याहि यंत्रास परवडणारें नव्हतें. म्हणून जन्मापासूनच त्यांचे गट पाडण्यांत आले. मोठा गट १,६७,७७,२१६ पत्त्यांचा, मधला ६५,५३६ पत्त्यांचा आणि धाकटा २५६ पत्त्यांचा. या वांटणींत एक विचित्र अडचण होती. पांचशें यंत्रें असलेल्या विद्यापीठास धाकटा गट पुरत नसे आणि मधला गट दिला तर पासष्ट हजार पत्ते पडून राहत. शेवटीं १९९३ सालीं हे तीन ठरीव सांचे मोडून, पत्त्याचे आरंभींचे किती अंक समान धरावयाचे तें गरजेप्रमाणें ठरवावें, अशी सोय झाली. आरंभींचे २४ अंक समान धरले तर २५६ पत्त्यांचा गट, २५ धरले तर १२८ चा, २६ धरले तर ६४ चा. वेस पाहिजे तेवढी रुंद करतां येऊं लागली.

मात्र हे गट पडले ते टपालाच्या सोयीसाठीं, माणसांच्या गुणदोषांवरून नव्हे. एका ओळींत राहणारे लोक एका स्वभावाचे असतात असें कोणी म्हणणार नाहीं. तरी पुढें पहारा बसविण्याची वेळ आली तेव्हां वेसकराच्या हातांत आयतें सांपडलें तें हेंच साधन.

पहारा बसविण्याची निकड १९८८ च्या नोव्हेंबरांत सर्वांस पटली. त्या महिन्याच्या २ तारखेस एका अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्रॅम यंत्रांतून यंत्रांत शिरत गेला आणि त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ६,००० संगणक त्यानें बेजार केले. तोंवर इंटरनेट म्हणजे विद्वानांची आळी. तेथें कोणी दाराला कडी लावीत नसे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या लोकांनीं पुडक्यांवरील पत्ते तपासून त्यांस सोडणारी वा अडविणारी साधनें त्याच सुमारास तयार केलीं. बेल प्रयोगशाळेंतील विल्यम चेस्विक व स्टीव्हन बेलोव्हिन यांनीं १९९४ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला आणि फायरवॉल हें एक शास्त्र होऊन बसलें. हिंदुस्थानांत सर्वसामान्य माणसास इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या मार्फत. अकोल्यांतून वेगळा होऊन वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं जन्मला, तेव्हां या गोष्टीस तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. जिल्ह्याचें आणि जाळ्याचें बालपण असें जवळजवळ बरोबरीचें आहे.

नियम लिहिण्याची रीत सोपी आहे. यंत्र नियमांची यादी वरून खालीं वाचतें, जो पहिला नियम पुडक्यास लागू पडेल त्याप्रमाणें वागतें आणि पुढचें वाचीत नाहीं. शेवटच्या ओळींत बहुधा, वर ज्याचा उल्लेख नाहीं त्यास अडवावें, असें लिहिलेलें असतें. एखाद्या शाळेंत मुलांसाठीं ४० संगणक आहेत आणि अभ्यासाच्या २५ संकेतस्थळांवरच त्यांनीं जावें अशी इच्छा आहे, असें धरूं. एकेका यंत्रासाठीं एकेक स्थळाचा नियम लिहावयाचा तर ४० गुणिलें २५, म्हणजे १,००० ओळी होतात. उद्यां सव्विसावें स्थळ वाढलें कीं आणखी ४० ओळी. हजार ओळींत एक आंकडा चुकला तर तो शोधणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें. त्याऐवजीं यंत्रांच्या एका गटास विद्यार्थी असें नांव द्यावें, स्थळांच्या गटास अभ्यास असें नांव द्यावें, आणि विद्यार्थी या गटानें अभ्यास या गटाकडे जावें, अशी एकच ओळ लिहावी. नवें स्थळ आलें तर गटांत एक नांव वाढवावें. नियमास हात लावण्याचें कारण नाहीं. सिस्को कंपनीच्या यंत्रांत यास ऑब्जेक्ट-ग्रुप म्हणतात, लिनक्सवर आयपीसेट, पीएफसेन्समध्यें अलायस. नांवें निराळीं, युक्ति एकच, आणि ती वत्सगुल्माच्या कारकुनाची आहे.

परंतु येथें गटांचे दोन प्रकार झाले हें पाहिलें पाहिजे. एक शेजाराचा गट, म्हणजे लागोपाठच्या पत्त्यांचा. आणि दुसरा यादीचा गट, म्हणजे मनुष्यानें विचार करून निवडलेल्या पत्त्यांचा. पहिल्यास देखरेख लागत नाहीं, पण त्यांत कोण येऊन पडतें तें दैवाधीन असतें. दुसरा नेमका असतो, पण त्यास सतत जपावें लागतें. ज्या संस्थेचा पत्ता यादींत घातला ती उद्यां पत्ता बदलते आणि तोच पत्ता दुसऱ्या कोणास मिळतो. नांव विश्वासू असें ठेवलेल्या यादींत परका इसम कोणास न कळत येऊन बसतो. कारभारी बदलला कीं यादी कां केली हें सांगणारा उरत नाहीं. एका दिवसाच्या कामासाठीं कोणास तरी सोडावें म्हणून यादीच्या अगदीं वर लिहिलेली ओळ वर्षानुवर्षें तशीच राहते, आणि पहिला नियम तोच खरा असल्यामुळें खालचे सारे कडक नियम शोभेचे होतात. वेसकर म्हातारा झाला म्हणजे आपल्या मुलास वेशीवर बसवून चार दिवस माणसें ओळखावयास शिकवी. यंत्राच्या यादीस असा वारस मुद्दाम नेमावा लागतो, आणि ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं होत नाहीं.

कारंज्याच्या सावकाराची युक्तिहि येथें नवी होऊन आली. पुडक्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता लिहितो तो पाठविणाराच. तो खोटा लिहिणें अवघड नाहीं. बाहेरून येणाऱ्या पुडक्यावर आंतल्याच यंत्राचा पत्ता लिहिला, कीं आंतल्यांस सोडावें या नियमाखालीं तें वेस ओलांडून जाई. यावर जो उपाय निघाला आणि २००० सालीं ज्याची सर्वत्र शिफारस झाली तो वेशींच्या नांवांतच दडलेला आहे. पत्ता काय लिहिला आहे एवढेंच पाहूं नये, पुडकें कोणत्या वाटेनें आलें तेंहि पाहावें. दिल्ली वेशींतून आंत येणारा मनुष्य, मी गांवांतच होतों, असें म्हणूं लागला तर त्यास तेथेंच थांबवावें. आणि पुढें जाऊन प्रत्येक गांवानें आपल्या वेशींतून बाहेर पडणाऱ्यासहि खोटें नांव सांगूं देऊं नये. लुगडें उचलून पाहण्याची गरज उरत नाहीं. वाट पाहिली कीं पुरतें.

इथवर झालें तें वेसकराच्या फसवणुकीबद्दल. गटाच्या नियमाचा दुसरा दोष याहून जड आहे, कारण त्यांत फसवणारा कोणी नसतो आणि तरीहि निरपराध्यास शिक्षा होते. इंग्रजी राज्यांत १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पारध्यांसारख्या भटक्या जमातींतील माणसास, त्यानें स्वतः कांहीं केलें असो वा नसो, जन्मानेंच यादींत घालतां येई; पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परगांवीं जाण्यास परवाना लागे. स्वतंत्र हिंदुस्थानानें तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द केला, परंतु यादींतून नांव निघालें तरी लोकांच्या मनांतील यादी लवकर पुसली जात नाहीं. पत्त्यांच्या गटांशीं या दुःखाची बरोबरी करूं नये. पण चुकीची जात मात्र एकच आहे.

ती चूक इंटरनेटवर कशी होते हें समजण्यास गिरगांवांतील चाळ डोळ्यांपुढें आणावी. चाळीचा पत्ता एक, खोल्या साठ. एका खोलींतील भाडेकरू वाईट निघाला म्हणून पोस्टमननें त्या चाळींत पाऊलच ठेवूं नये असा हुकूम काढला, तर उरलेल्या एकूणसाठ बिऱ्हाडांचीं पत्रें बंद होतात. इंटरनेटवर एका पत्त्यावर शेंकडों संकेतस्थळें नांदतात, आणि एका संकेतस्थळाच्या नांवाखालीं लाखों माणसांचीं पानें असतात. चाळ, मजला, खोली असे हे टप्पे आहेत. वेशीवरच्या यंत्रास बहुधा चाळ दिसते, खोली दिसत नाहीं.

२००३ सालीं याचा पहिला मोठा अनुभव देशास आला. मेघालयांतील एका बंडखोर संघटनेशीं संबंधित असलेला याहू ग्रूप्सवरील क्यन्हुन नांवाचा एक लहानसा चर्चागट बंद करावा, असा आदेश सप्टेंबरांत सरकारी यंत्रणेकडून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांस गेला. एवढी एकच खोली बंद करण्याचें साधन कंपन्यांजवळ नव्हतें किंवा त्याची यातायात त्यांना नको होती. त्यांनीं याहू ग्रूप्सची सबंध चाळच बंद केली. ज्यांचा त्या संघटनेशीं कांहीं एक संबंध नव्हता अशा देशभरच्या मित्रमंडळांचा, अभ्यासमंडळांचा, नातेवाइकांचा पत्रव्यवहार कांहीं दिवस बंद पडला. आणि ज्या चर्चागटाचें नांव पूर्वीं फारसें कोणास ठाऊक नव्हतें तें वर्तमानपत्रांतून सर्वांस कळलें. ११ जुलै २००६ च्या मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर लगेच हेंच झालें. दीड डझनाच्या आंतबाहेर पत्त्यांची यादी निघाली आणि कंपन्यांनीं ब्लॉगस्पॉटसारखीं सबंध स्थळेंच अडवून ठेवलीं. नेमकीं सांगितलेलीं पानेंच बंद करावींत, असें सरकारास पुढें पुन्हा सांगावें लागलें.

या अनुभवांनंतर कायद्यास आकार आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत ६९ अ हें कलम आलें आणि २००९ सालीं त्याचे नियम झाले. अडविण्याचीं कारणें लेखी असावींत, समितीनें तीं तपासावींत, शक्य तेथें संबंधितांचें म्हणणें ऐकावें, असें त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्याचा निकाल देतांना ६६ अ हें कलम रद्द केलें, परंतु ६९ अ मात्र याच बंधनांमुळें कायम ठेवलें. त्या खटल्यास पालघर येथील दोन तरुणींच्या २०१२ सालच्या अटकेचें निमित्त झालें होतें, हें महाराष्ट्रांतील लोकांस आठवत असेल.

तथापि कायदा झाल्यावरहि चाळ बंद होण्याचें थांबलें नाहीं, आणि या वेळीं प्रकरण महाराष्ट्रांतच उगम पावलें. दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून मुंबईच्या एका न्यायदंडाधिकाऱ्यानें नोव्हेंबर २०१४ मध्यें दिलेल्या आदेशास अनुसरून डिसेंबरांत ३२ स्थळें अडविण्याचा हुकूम निघाला. त्या यादींत गिटहब होतें, जेथें जगभरचे प्रोग्रॅमर आपलें काम ठेवतात. व्हिमिओ व डेलीमोशन हीं चित्रफितींचीं स्थळें होतीं. मजकूर चिकटवून ठेवण्याचें पेस्टबिन होतें. आणि जुनीं पुस्तकें व संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारें आर्काइव्ह डॉट ऑर्ग हें ग्रंथालयहि होतें. आक्षेप होता तो तेथील कांहीं मजकुरास. हुकूम निघाला सबंध स्थळांवर. ग्रंथालयांत एक वाईट चिठ्ठी सांपडली म्हणून ग्रंथालयासच टाळें लावावें, तसाच हा प्रकार होता. पुण्यामुंबईच्या कितीएक प्रोग्रॅमरांचें रोजचें काम अडलें, ओरड झाली, आणि वर्ष संपतां संपतां त्यांतील कांहीं स्थळें मोकळीं करण्यांत आलीं.

यानंतर एक नवीनच परिस्थिति उत्पन्न झाली आहे. पूर्वीं पुडकीं उघडीं जात. वेसकरानें मनांत आणलें तर आंतला मजकूर त्यास वाचतां येई व एकच पान निवडून अडवितां येई. आतां बहुतेक संकेतस्थळांचीं पुडकीं मोहोरबंद असतात. कोणत्या चाळीस जावयाचें तें लाखोट्यावर दिसतें, कोणत्या खोलीस तें दिसत नाहीं. पेढीचा व्यवहार व वैद्याची चिठ्ठी सुरक्षित राहावी म्हणून ही मोहोर हवी, यांत शंका नाहीं. पण तिच्यामुळें वेशीवरील यंत्रास एक पान वेगळें काढणें अशक्य झालें आहे. त्यामुळें विशिष्ट पान काढण्याचे हुकूम आतां वेसकरास न जातां चाळीच्या मालकास, म्हणजे स्थळ चालविणाऱ्या कंपनीस, जाऊं लागले आहेत. मालक हुकूम मानीत नसेल तर पुन्हा सबंध चाळ अडविणें एवढाच मार्ग वेशीवर उरतो. शाळेच्या यादींतहि हाच पेंच येतो. चित्रफितींच्या एकाच स्थळावर गणिताचे उत्तम पाठ असतात आणि मुलांनीं पाहूं नये असेंहि पुष्कळ असतें. तें नांव अभ्यास या गटांत घालावें कीं न घालावें, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें त्या शाळेच्या शिक्षकांनीं बसून ठरवावें लागतें, आणि दर सत्राच्या आरंभीं पुन्हा ठरवावें लागतें.